मालकांची काठी

टीव्ही बघण्यासाठी दरमहा पैसे भरणारा माणूस दिसला की आमचे मालक त्याच्याकडं, श्वास घेतल्याचं बिल भरून आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघायचे. "हवेतनं येतंय त्ये," म्हणायचे. "हवेवर बिल लागतंय व्हय कुठं?" समोरच्यानं लगेच 'नाही' म्हटलं तर सुटका, 'अहो, पण' असं काही म्हटलं की गेला त्याचा तास. गल्लीतली शहाणी माणसं 'नाही नाही' करत पुढं सटकायची. मला सटकता येत नव्हतं. मी त्यांचा भाडेकरू होतो.

कुरुंदवाडहून बदली होऊन कोल्हापुरात आलो, तेव्हा मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी घेतला. खोल्या दाखवायच्या आधी त्यांनी मला गच्ची दाखवली. मधोमध एक लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा जुना अँटेना, आणि पाइपाला कमरेच्या उंचीवर वेल्डिंग केलेलं सायकलचं हँडल. रबरी मुठींसकट. मालक जन्मभर उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत फिटर होते. पाइप अलगद फिरावा म्हणून बुडाशी बेअरिंग त्यांनी स्वतः बसवलेलं होतं, आणि ज्यांच्या अँटेनाला बेअरिंग नाही अशा उर्वरित जगाची त्यांना मनापासून कीव यायची.

"ही आपली काठी," पाइपावर थाप मारून ते म्हणाले. "हिथं दुसरं काय उभं ऱ्हाणार न्हाय. छत्री न्हाय, केबल न्हाय. टीव्ही बघायचा आसंल तर खाली यायचं. सगळ्या गल्लीनं बघितलं तरी आपल्या काठीवरचं चित्र कमी हुईत न्हाय."

काठी हा शब्द त्यांनी उगीच वापरला नव्हता. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या उंच सासनकाठ्या नाचवत नेतात, त्यांचा मान मालकांनी अँटेनाला दिलेला होता. यात्रेच्या दिवशी पाइपाला गुलाल फासायचा, खोबऱ्याची वाटी बांधायची आणि गच्चीवर एकट्यानंच "चांगभलं!" म्हणून गर्जना करायची. अँटेनाचं तोंड ते नेहमी डोंगराच्या दिशेला ठेवायचे. सरकारी टॉवर खरं तर कुठं आहे, हा प्रश्न मी एकदाच विचारला. "टॉवर कुठं का आसंना," ते म्हणाले, "लाटा डोंगरावरनंच येणार. पाणी कुठनं येतंय? वरनंच न्हवं?"

मला ते पहिल्या दिवशी 'पावणं' म्हणाले आणि पुढं इतकी वर्षं भाडं घेऊनही पावणंच म्हणत राहिले. अरे-तुरे फक्त तालमीतल्या दोस्तांना. बाकी सगळं जग त्यांच्या लेखी पाहुणं होतं, कधी ना कधी जायचंच.

रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी काठी फिरवायची, हा नेम. वारा असो, ऊन असो, चित्र आधीच चांगलं असो. मालक गच्चीवर हँडल धरून. त्यांच्या बायको, म्हणजे काकी, खाली हॉलमध्ये टीव्हीसमोर. आणि त्या दोघांना एकमेकांचं ऐकू जात नाही म्हणून मधे, जिन्याच्या वळणावर, मी.

"आलं का?" वरून आवाज.

"आलं का, काकी?" मी खाली.

"मुंग्या!"

"मुंग्या आहेत, मालक!"

हँडल कुरकुरायचं. "आता?"

"माणूस दिसतोय. खरं दोन-दोन दिसाल्यात."

"दोन-दोन दिसतात म्हणतात!"

"कुठला माणूस?"

"काकी, कुठला माणूस?"

"मला काय ठावं! माझ्या माहेरचा हाय व्हय? टाय घातलाय त्येनं."

"टाय घातलेला आहे, मालक!"

"म्हंजी बातम्या सुरू झाल्या की! पावणं, जरा लौकर सांगत जावा!"

मी मुळात कमी बोलणारा. ऑफिसात मला लोक 'मौनीबाबा' म्हणतात. लग्नात उखाणासुद्धा मी पुटपुटलो होतो. असा माणूस रोज जिन्यात उभा राहून "मुंग्या!" म्हणून बोंबलतोय, हे ऐकायला माझी मुलगी तिच्या मैत्रिणींना घेऊन यायची. वरून ते हँडलवाले मालक. मुलींनी आमच्या घराला नाव ठेवलं होतं 'गच्चीवरची सायकल'. ती जागेवरच चालायची आणि कुठंच पोचायची नाही, यात मुलींचं काही चुकलं नव्हतं.

मालकांना सगळ्यात जास्त राग मोबाइलवर टीव्ही बघणाऱ्यांचा. "खालमुंडी जमात!" म्हणायचे. "मान खाली घालून बघत्यात. आमी मान वर करून मिळवतोय." तालमीच्या कट्ट्यावर म्हशीवाले आबा नावाचे त्यांचे लहानपणापासूनचे मित्र बसायचे, दोघांपैकी एकानं दुसऱ्याला कुस्तीत कधी काळी पाडलं होतं आणि कोणी कुणाला, हा वाद मिटलेला नव्हता. आबांकडं केबल होती. मालक आले की ते मुद्दाम विचारायचे, "काय रे, आज किती मुंग्या मारल्यास?"

मग एके दिवशी मुंग्याच उरल्या.

मालकांनी हँडल पन्हाळ्याकडं फिरवलं, नृसिंहवाडीकडं फिरवलं, पूर्ण गोल फिरवलं. मी जिन्यात आवाज बसेपर्यंत ओरडलो. काही नाही. दोन दिवसांनी मी पेपरात वाचलं, सरकारनं टॉवरवरचं ते जुनं प्रक्षेपण बंद केलं होतं. आता सरकारी चॅनेल बघायचे तर डिशची छत्री. मी पेपर घेऊन खाली गेलो. मालकांनी बातमी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"ही सरकारची न्हवं, केबलवाल्यांची बातमी हाय," ते म्हणाले.

"मालक, छत्रीवर पण फुकटच आहे. एकदा बसवली की दरमहा काही नाही. सरकारचंच आहे ते."

मला वाटलं होतं, 'फुकट' हा शब्द ऐकून ते विरघळतील. उलट ते माझ्याकडं, मी त्यांना त्यांच्याच घरात काही अपशब्द बोललोय, असं बघायला लागले. "छत्री पावसात धरत्यात. एकदा ठोकली की ठोकली. तिला फिरवायला काय हाय? आपुन काय करायचं मग? निस्तं बघायचं?"

त्या वेळी मी या वाक्याला हसलो होतो, अर्थात मनात. घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवली, ती मोठ्यानं.

पुढचे दिवस वाईट गेले. टॉवर बंद झालेला नाही, तर लाटा मधेच कुणीतरी खातंय, असा शोध मालकांनी लावला. खाणारं घरातलंच हवं. काकी संशयापलीकडं, राहिलो आम्ही. संध्याकाळी आमचे मोबाइल बंद करून त्यांच्या टेबलावर जमा व्हायला लागले. मग आमचा फ्रिज. काठी फिरवायच्या वेळेला फ्रिज बंद ठेवायचा हुकूम निघाला, दूध नासायला लागलं. माझ्या बायकोचं शिलाई मशिनसुद्धा त्यांनी खाली वाकून, कान लावून तपासलं. तरी मुंग्या त्या मुंग्याच. शेवटी एका रविवारी ते वर आले, दारातच उभे राहिले.

"पावणं, महिन्याअखेर दुसरी जागा बघा. तुमी माणूस चांगलं हाईसा. खरं काठीला आडवं यायलंय काय तरी तुमचं."

मुलीची शाळा चौकापलीकडं. बायकोची शिलाईची सगळी गिऱ्हाइकं त्याच गल्लीत. मी नेहमीप्रमाणं काहीच बोललो नाही. बोलल्या काकी, दुसऱ्या दिवशी दुपारी, मालक तालमीत गेल्यावर, पदराला हात पुसत वर येऊन.

"गडमुडशिंगीला माझ्या भणीच्या गोठ्यावर छत्री हाय. काचंवानी चित्र दिसतंय. तुमच्या मागच्या गॅलरीत बसवूया की एक. त्येंला काय कळतंय."

"पण काकी, मालकांना फसवायचं..."

"फसवायचं कुठलं? बघायला मिळंल त्येंला. आनि खरं सांगू? त्ये वर आसत्यात तेवढाच टाइम मला खाली शांतता आसतीया. वर जायचं बंद झालं तर दीसभर माझ्यासमोर बसत्याल. मी काय करू मग, मी जाऊ गच्चीवर?"

असं ठरलं. मागच्या गॅलरीत, जिथं मालक कधी फिरकत नसत, तिथं छत्री बसली. तिच्यावर काकींची जुनी विरलेली वायलची साडी वाळत घातल्यासारखी टाकलेली. साडी कोरडी असेपर्यंत चालायचं, ओली टाकली की चित्र गेलंच. छत्रीचा लहानसा सेट-टॉप बॉक्स हॉलमधल्या शोकेसमध्ये प्लास्टिकच्या फुलांमागं. त्याचा रिमोट काकींच्या पानाच्या डब्यात, कात-चुन्याच्या शेजारी. अँटेनाची वायर मी टीव्हीमागून काढली आणि शोकेसच्या फटीत खुपसून ठेवली. माझं काम तेच, जिन्यात उभं राहायचं. मालक वर हँडल फिरवणार, काकी पानाचा डबा उघडणार, आणि मी ओरडणार.

पहिल्या संध्याकाळी मालक खाली आले आणि चित्र बघून उंबऱ्यातच थबकले. टीव्हीवर सोयाबीनवरच्या अळीबद्दल कुणीतरी बोलत होतं, आणि ती अळी अशी स्वच्छ दिसत होती की तिचे पाय मोजता आले असते. मालकांनी टीव्हीच्या माथ्यावर, नातवाच्या ठेवावा तसा, हात ठेवला.

"मी म्हणत न्हवतो?" ते म्हणाले. "निस्तं फिरवून न्हाय चालत. हाताला कळाय लागतंय." मग माझ्याकडं वळून, अगदी मोठ्या मनानं, "ऱ्हावा की पावणं. सुधारला म्हणायचा फ्रिज तुमचा."

आता सांगायचं ते सरळ सांगतो. यात दया वगैरे काही नव्हती. काकींना शांतता पाहिजे होती, मला घर. म्हातारा माणूस रोज गच्चीचा जिना चढून, गुडघे धरत, कशालाच न जोडलेला पाइप फिरवतोय, आणि खाली आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसू दाबतोय. मी लवकर 'आलं' म्हणालो तर त्यांना मजा येत नाही हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम उशीर करायला लागलो. "जरा डावीकडं, मालक!" "आता गेलं!" "आलं आलं, थांबा!" एवढा अभिनय. एकदा गार वाऱ्यात मी त्यांना उगीचच बराच वेळ फिरवायला लावलं, फ्रिजवरून मागं ते मला बोलले होते, ते त्या दिवशी आठवलं होतं म्हणून. आयुष्यात मी जे काही मोठ्यानं बोललो ते एवढंच, 'आलं'. आणि तेही खोटं.

काकी मात्र बहरल्या. दुपारी मालक तालमीत गेले की त्या डबा उघडून सगळ्या देशात हिंडून यायच्या. एकदा मालक चप्पल विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तर टीव्हीवर भोजपुरी गाणं. बायका लाल साड्या नेसून कमरेवर हात ठेवून नाचतायत. काकींचा हात डब्यात अडकलेला.

"ह्ये काय?"

"वारं फिरलंय," काकी म्हणाल्या. मला आजही त्या बाईंचं कौतुक वाटतं. "बिहारकडनं यायलंय मगापास्नं."

दुसऱ्या माणसानं विचार केला असता. मालक चप्पल न घालताच तालमीकडं धावले. "आबा! आमच्या काठीवर बिहार लागालंय! नाचत्यात बायका!" कट्ट्यावरच्या लोकांनी असं हसावं की म्हशी बुजाव्यात. मालकांना वाटलं, हेवा करतायत. त्या दिवसापासून ते गल्लीत छाती काढून चालायला लागले. ज्याचं केबलचं काही बिघडलं त्याला थांबवून सल्ला द्यायचे. कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला जुना अँटेना काढून, त्यालाही हँडल बसवून द्यायची तयारी त्यांनी दाखवली. आबा फक्त डोळे बारीक करून बघायचे. टॉवर बंद झालाय हे त्यांनीही पेपरात वाचलेलं होतं.

आणि मग ती कुस्ती आली.

मोठी फायनल होती, सरकारी चॅनेलवर दाखवणार होते. नेमकं त्याच दुपारी उसानं भरलेल्या एका ट्रॉलीनं चौकातली केबलची वायर खांबासकट ओढून नेली. सगळी पेठ अंधारात, म्हणजे टीव्हीच्या अंधारात. तालमीतल्या म्हाताऱ्यांना मोबाइलवरचे पैलवान मुंगीएवढे दिसायचे. मालकांच्या आयुष्यात असा दिवस पुन्हा येणार नव्हता आणि ते त्यांना ठाऊक होतं. ते कट्ट्यावर जाऊन उभे राहिले. "चला रे. माझ्या काठीवर बघा. आबा, तू पुढं बस."

हॉल माणसांनी भरला. काकी डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या, पान लावायचं नाटक करत. चित्र आधीपासूनच स्वच्छ होतं, सुरू करूनच ठेवलं होतं, कारण इतक्या लोकांसमोर डबा उघडायची काकींची हिंमत नव्हती. मी मालकांना म्हणालो, "आज फिरवायला नको, मालक. आलंय चांगलं." त्यांनी ऐकलं नाही. एवढी माणसं जमलेली असताना काठी न फिरवणं म्हणजे लग्नात अक्षता न टाकणं. धोतर सावरत ते वर गेले. मी जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. तिथून हॉल दिसायचा.

आबा शोकेसला टेकून बसले होते. वर हँडल कुरकुरलं. आबांनी खिडकीतून आत आलेली अँटेनाची चपटी वायर बोटानं चाचपली, तिच्या मागोमाग हात शोकेसच्या फटीत नेला आणि हलकेच ओढलं. वायरचं मोकळं टोक त्यांच्या हातात आलं. टीव्हीवर पैलवान एकमेकांच्या माना धरून उभे होते, स्वच्छ, घामाच्या थेंबांसकट.

आबांनी ते टोक वर धरून सगळ्यांना दाखवलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आलं का?" वरून मालक ओरडले.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो.

"आलं!" मी ओरडलो.

असा हशा झाला की खाली कुणीतरी कुस्ती जिंकली, असं मालकांना वाटलं असावं. ते घाईघाईनं खाली आले. आबांनी ते टोक त्यांच्या हातात दिलं. "ह्ये बघ. तुझी काठी ह्येच्यात हाय, आणि ह्ये कशातच न्हाय."

मालकांनी वायरचं टोक बघितलं. टीव्ही बघितला. काकींच्या मांडीवरचा डबा बघितला. झाकण अर्धं उघडं होतं. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

"बघितलासा?" मालक खणखणीत आवाजात म्हणाले. "आता वायरबी लागंना झालीया."

लोक अक्षरशः लोळले. आबांनी मांडीवर हात मारून घेतला. मालक त्यांच्यात बसले, कुस्ती बघितली, काकींना सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. पण डाव कुणी मारला हे त्यांना कळलं नसावं, कारण सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले तेव्हा त्यांनी थोडं उशिरा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर गल्लीनं त्यांचं नाव ठेवून टाकलेलं होतं. 'बिनवायर'. "बिनवायरच्या वरच्या मजल्यावर राहतासा न्हवं तुमी?" दुधाच्या रांगेतल्या एकानं मला विचारलं आणि मी मान हलवून हो म्हणालो.

दिवसभर ऑफिसात मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो, आज संध्याकाळी ते वर जाणार नाहीत. जाऊ नयेत, असंही वाटत होतं आणि जावेत, असंही. घरी आलो. चहा घेतला. बातम्यांची वेळ झाली आणि जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला. माझ्या दारावरून वर गेला. बायको शिलाई थांबवून माझ्याकडं बघायला लागली.

मी जाऊन वळणावर उभा राहिलो. खाली हॉलमध्ये टीव्ही लावलेला होता, चित्र काचेसारखं. काकी समोर बसल्या होत्या, रिमोट आता उघड्यावरच, मांडीवर. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि काही खूण केली नाही.

वर हँडल कुरकुरलं.

"आलं का?"

हे एवढंसं बोलायला मला एवढी वर्षं का लागली, कुणास ठाऊक.

"नाही, मालक!"

कुरकुर थांबली. गल्लीतून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज चौकापर्यंत ऐकू आला.

"मुंग्या?" त्यांनी विचारलं.

"मुंग्यापण नाहीत. काहीच नाही."

मी एक पायरी चढलो. मग हँडल पुन्हा कुरकुरलं, हळू, डोंगराच्या बाजूला.

"अरे मग थांब की तिथंच," ते म्हणाले. "फिरवालोय न्हवं."